बांड्याची खांदमळण

चामोर्शीच्या एका शाळेत सव्वीस जानेवारीला माझ्या पोटाने रणगाडा चालवला.

यात अलंकार काही नाही. कार्यक्रम आटोपला होता, मुलांच्या टाळ्या वाजवून झाल्या होत्या, आमचा रणगाडा झेंड्याच्या बाजूला गप उभा होता आणि मी रिमोट गळ्यात तसाच अडकवून पंगतीला बसलो. शाळेने वडा-भात केला होता. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "अजून घेता?" मी ताट पुढे करायला वाकलो आणि रिमोटची दांडी पोटाखाली दबली. मागे मैदानात रणगाडा गुरगुरला आणि निघाला. रांगोळीतल्या मोराचा पिसारा तुडवून तो प्रमुख पाहुण्यांच्या दिशेने वळला. पाहुणे ताटासकट उठले. एवढा गलका कशाचा, म्हणून बघायला मी आणखी वाकलो. तसा रणगाड्याने वेग घेतला.

माझे भागीदार शब्बीरभाई धावत आले. त्यांनी माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. "वामनभाऊ, सीधे बैठो! तुमचं पोट ड्रायवर होऊन राह्यलं!"

तेव्हापासून आमच्या धंद्यात नियम आहे: आधी गाडी बंद, मग रिमोट बंद, मग भात. सुरू करताना उलट. रिमोट आधी, गाडी नंतर. भाताचा सुरू करण्याशी संबंध नाही, असं बायको म्हणते.

धंदा काय, ते सांगतो. मी घुग्घुसकडच्या कोळसा खाणीत डोझर दुरुस्त करणारा फिटर होतो. डोझर आणि रणगाडा हे चुलतभाऊ. दोघेही चाकांवर चालत नाहीत, लोखंडी चेनवर चालतात. एक माती ढकलतो, दुसऱ्याचं मी इथे बोलत नाही. आयुष्यभर चेनखाली पालथा पडून राहिलेल्या माणसाला एक खाज सुटते. आपण स्वतः एक बनवावा. मी खाणीतली नोकरी लवकर सोडली, ती खाज भागवली आणि रणगाडा कार्यक्रमांना भाड्याने न्यायचा धंदा काढला. सोबतीला शब्बीरभाई होते. त्यांचं घुग्घुसला खरादीचं, म्हणजे लोखंड तासायच्या लेथचं, दुकान आहे. ट्रकवाले, खाणवाले, सिमेंटवाले, सगळे घासलेले शाफ्ट घेऊन त्यांच्या दारात उभे असतात. शब्बीरभाई बोलतात फार. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडावं आणि हातातून निघालेलं सगळं जपून ठेवावं, असा माझा अनुभव. खराद फिरू लागली की हा बडबड्या माणूस एकदम गप होतो, आणि लोखंडाची चकचकीत सालं त्याच्या पायाशी गोळा होत जातात. मी कितीदा तरी चहा गार होईपर्यंत ते बघत बसलोय.

आमचा रणगाडा लांबीला खाटेएवढा, उंचीला माझ्या कमरेइतका. हिरव्या, मातकट, काळ्या ठिपक्यांचा. आमच्याकडे अशा रंगाच्या बैलाला बांड्या म्हणतात, म्हणून हाही बांड्या. तोफ पत्र्याच्या नळीची आहे, तिच्यातून फक्त धूर निघतो. पोटात ई-रिक्शाच्या दोन मोटारी, एक डावीकडच्या चेनला, एक उजवीकडच्या. दोन्ही सारख्या फिरवल्या की सरळ जातो, एक थांबवली की त्या बाजूला वळतो. एवढंच शास्त्र. फक्त तो तुमच्याकडे तोंड करून येऊ लागला की तुमचं डावं ते त्याचं उजवं होतं, आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. माझी अजून उडते.

मोटारीतून चेनकडे जोर न्यायला शब्बीरभाईंनी पिठाच्या गिरणीत असतो तसा रबरी बेल्ट घातला. मी म्हटलं, दातांचं चाक घाला. ते म्हणाले, "गाडी दगडात अटकली तं बेल्ट घसरते, मोटार वाचते. दाते टाकले तं मोटार जळते. जळाल्यावर रडाले कोण येते? तुमी?"

चेनची गोष्टही तशीच. कड्यांखालचं रबर आम्ही खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या भंगारातून कापलं. कड्या एकमेकींना रिवेटने कायमच्या ठोकून टाकू, असं मी म्हणत होतो, काम लवकर उरकलं असतं. शब्बीरभाईंनी प्रत्येक कडीला वेगळी पिन केली, काढता-घालता येणारी. एक अख्खा उन्हाळा ते पिना वळत बसले. मी रोज टोमणा मारायचो, "दागिने घडवून राह्यले का?" ते म्हणायचे, "हाव. तुमच्या लेकराले."

उघड्यावर चालवायची गाडी म्हणजे ओली बाळंतीण. धूळ सोसत नाही, पाणी सोसत नाही, गवत तर मुळीच नाही. ते चाकाच्या दांड्याला वेणीसारखं गुंडाळतं. प्रत्येक कार्यक्रमानंतर चेन उतरवायची, धुवायची, ग्रीस लावायचं. रिमोटचं ऐकणारी जी डबी आत असते तिला पाणी लागू नये म्हणून मी ती बायकोच्या स्टीलच्या डब्यात बंद केली. बांड्या ठार बहिरा झाला. रिमोटचा आवाज स्टीलमधून आत जात नाही, हे फिटरला कोण सांगणार? मग प्लास्टिकचा डबा घेतला, तो लोणच्याचा होता. आजही बांड्याचं झाकण उघडलं की आंब्याच्या लोणच्याचा वास येतो. माझी बायको शोभा त्या डब्याची चौकशी अधूनमधून करते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शाळा, देवीची मंडळं, कारखान्यांच्या वसाहती. एका नवरदेवाला बांड्यावर बसून मांडवात यायचं होतं. नवरीच्या आजीने तोफ बघितली आणि दारातच अडवलं. "माह्या नातीच्या मांडवाकडे तोंड करून तोफ? हे नाई चालाचं!" आम्ही बुरूज उलटा फिरवला. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेव हसतोय आणि तोफ मागच्या बँडवाल्यांवर रोखलेली आहे. बँड त्या दिवशी फार जोरात वाजला.

पण हा सगळा पसारा मी ज्यासाठी मांडला ती गोष्ट गोंडपिपरीची.

गोंडपिपरी माझी सासुरवाडी आणि शब्बीरभाईंचं जन्मगाव. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पोरांचा तान्हा पोळा भरतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं: पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लाकडी बैलांचा. पोरं चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत दारोदार नेतात, खाऊ मिळवतात आणि शेवटी सगळे नंदी मैदानात रांगेने उभे राहतात. कुणाचा वीतभर, कुणाचा गुडघ्याएवढा. पोळा आणि कर, या दोन्ही दिवशी खऱ्या बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही.

गोंडपिपरीत शब्बीरभाईंच्या मोहल्ल्यात एक नंदी माणसाच्या डोक्याच्या वर आहे. शब्बीरभाईंचे वडील गुलाबचाचा सुतार होते. त्यांनी तो सागवानाच्या एकाच ओंडक्यातून काढला. मानेखालची लोंबती पोळी अशी की वाटावं आत्ता हलेल. शब्बीरभाई लहान असताना सगळा मोहल्ला तो नंदी ओढायचा, आणि चाचा मागे चालायचे, चाकं कुरकुरली की तेल घालायला. चाचा गेले. पोरं आपापले छोटे नंदी घेऊ लागली. मैदानाकडचा रस्ता नळाच्या खोदकामाने उखणला, आणि मोठा नंदी गळक्या पत्र्याखाली, वाळवीच्या तोंडी, उभा राहिला तो राहिलाच. जंगलाच्या फाटकाजवळच्या एका हॉटेलवाल्याला तो दारात ठेवायला हवा होता.

मोहल्ल्याच्या मंडळाचे मारोतभाऊ वाईट माणूस नव्हेत. ते शब्बीरभाईंना फोनवर म्हणाले, "उदळी लागून राह्यली भाऊ त्याले. तिकडे गेला तं छताखाली तरी राहीन. इथी आता फिरवते कोण त्याले?"

शब्बीरभाई म्हणाले, "मी फिरवतो. या तान्ह्या पोळ्याले मैदानात नेतो अन् वापस आणतो. मंग ठेवसान का?"

मारोतभाऊ म्हणाले, "जाऊन वापस आला तं मोहल्ल्याचा. अटकला तं हॉटेलचा. बस."

एवढं बोलून झाल्यावर शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बांड्याकडे पाहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच आम्ही बांड्याला टेम्पोत घालून गोंडपिपरीला नेलं. शोभा आधीच माहेरी पोचली होती. सकाळी कोरड्या रस्त्यावर नंदीला दोर बांधून ओढून पाहिलं. बांड्या किंचित थरथरला, चेन ताणली गेली, आणि तो सागवानी डोंगर हलला. चाकं अशी कुरकुरली की शब्बीरभाई तेलाचा डबा घेऊन धावले, अगदी चाचांसारखे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी खांदमळण होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, वर्षभर जू ओढून दुखावलेला खांदा शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. घरोघरी ते चाललं होतं. माझ्या सासऱ्यांच्या अंगणात बांड्या उभा होता. शोभा आणि शेजारच्या बायका लोण्याची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"हा बी बैलच झाला न बाई," एक म्हातारी म्हणाली. "नंदी ओढणार आहे. याचा खांदा कोण मळन?"

"खांदा कुठी आहे याचा?" शोभाने मला विचारलं.

मी मोठ्या कौतुकाने पुढची झडप उघडून दाखवली. "हा इथी. सगळा जोर इथूनच येते."

बायकांनी दोन्ही खांदे मनापासून मळले. लोणी, हळद, वरून कोमट पाणी. म्हातारीने बांड्याच्या तोफेवरून हात फिरवून सांगितलं, उद्या जेवायला ये बापा. शब्बीरभाईंचे डोळे भरले. मी हात जोडून उभा होतो. मेव्हणा फोटो काढत होता आणि मी पोट आत घेतलं होतं. डोझरखाली जन्म घालवलेला एक फिटर आणि जिल्ह्यातला नामांकित खरादी, दोघेही तिथे हजर असताना आमच्या दोन्ही रबरी बेल्टांना लोणी लावलं गेलं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. बांड्यासमोर पुरणाची पोळी ठेवली. सिमेंटच्या अंगणात तो एकटाच पुढे-मागे करून बघितला, ठीक चालला. रात्री पाऊस झाला.

करीला दुपारी मोठा नंदी निघाला. झूल, घुंगरं, शिंगांना बेगड. पुढे बांड्या, मध्ये दोर, दोन्ही बाजूंनी पोट्टे. चौकापर्यंत थाटात गेलो. मी रिमोट धरून असा चालत होतो की सासरे म्हणाले, "जवाई, जरा खाली बी पाहा."

चौकाच्या पुढे सिमेंट संपलं, चिखल सुरू झाला. नंदीची चाकं रुतली, बांड्यावर खरा भार आला. आतून कुईं आवाज निघाला, मोटार फिरतेय आणि चेन जागची हलत नाही. मी दांडी आणखी दाबली. झाकणाच्या फटीतून धूर आला, आणि त्या धुराला फोडणीचा वास होता.

शब्बीरभाईंनी झडप उघडली. बेल्ट पिवळाजर्द होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "वामनभाऊ," ते हळू म्हणाले, "मक्खन."

राख लावून पाहिली. गोणपाटाने पुसून पाहिलं. रबरात मुरलेलं लोणी निघतं होय? जादाचे बेल्ट घुग्घुसला खुंटीवर. मंडळाची चार माणसं दोराला लावली, तर चाकं चिखलात आणखी खाली गेली. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मारोतभाऊंनी खिशातून फोन काढला. हॉटेलवाल्याच्या ट्रकला बोलवायचं, हे न बोलताच सगळ्यांना कळलं. ते शब्बीरभाईंकडे बघत नव्हते.

शब्बीरभाई चिखलात उकिडवे बसले होते. त्यांनी नंदीच्या चाकाकडे पाहिलं, मग बांड्याकडे.

"हातोडी द्या. अन् पिन काढाचा सुंभा."

"कायले?"

"चेन उतरवतो."

"दुरुस्त कराले?"

"नाई. रस्ता कराले."

मला कळलं. "शब्बीरभाई, कड्या वाकतीन. एवढा नंदी जाईल वरून. सारा उन्हाळा घातला तुमी त्यात."

"अब्बांच्या नंदीखाली नाई जाईन तं मंग कोणाच्या खाली जाईन?" ते म्हणाले आणि पहिली पिन ठोकली.

दोन्ही चेन उतरवल्या. मधल्या पिना काढून त्यांचे चार तुकडे केले, रबर वर, लोखंड खाली. दोन तुकडे नंदीच्या चाकांपुढे अंथरले, त्यांच्या पुढे आणखी दोन. बांड्या उघड्या चाकांवर बाजूला उभा राहिला, चपला हरवल्यासारखा. त्याचा दोर सोडला, तो पोट्ट्यांच्या हातात गेला. आपापले वीतभर नंदी कडेला ठेवून मोहल्ल्यातली सगळी पोरं त्या दोराला लागली. शब्बीरभाई ओरडले, "खींचो रे!"

रबरावर चाक चढलं. कडी करकरली, चेन चिखलात दबली, पण चाक वरच राहिलं. नंदी दोन तुकडे ओलांडून गेला की मागचे उचलायचे, पळत पुढे नेऊन अंथरायचे. हे काम बायकांनी घेतलं. शोभा पदर खोचून एका टोकाला, ती आवतण देणारी म्हातारी दुसऱ्या टोकाला. मी मदतीला गेलो तर शोभा म्हणाली, "तुमी सरका, तुमी रुतसान."

शब्बीरभाई चाकाशेजारी चालत होते. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात हातोडी. एखादी पिन वर आली की चालता चालता ठोकायचे. तोंडाने सारखे बोलत होते: डावीकडे, उजवीकडे, हळू बे, शाबास रे शेरो. मी एवढी वर्षं त्यांच्या हाताला मानत आलो आणि त्यांच्या बोलण्याला हसत आलो. त्या दिवशी दोन्ही एकाच वेळी चालले होते, आणि नंदी जात होता.

मैदानात पोचलो तेव्हा बक्षीस देऊन झालं होतं. ते एका गुडघ्याएवढ्या नंदीला मिळालं, आणि बरोबरच मिळालं. त्याचे डोळे फार सुंदर रंगवले होते. मोठ्या नंदीला कुणी क्रमांक दिला नाही. त्याला रांगेच्या टोकाला उभं केलं, बायकांनी ओवाळलं, आणि पुन्हा तसेच तुकडे अंथरत मागे आणलं. पत्र्याखाली त्याची चाकं टेकली तेव्हा दिवेलागण होत होती. मारोतभाऊंनी फोन खिशात घातला, वरच्या गळक्या पत्र्याकडे पाहिलं आणि मंडळाच्या एका माणसाला म्हणाले, "उद्या वरतं नवा टीन टाका. अन् उदळीचं औषध आणा." मग शब्बीरभाईंना म्हणाले, "पुढच्या साली कसं करता?"

"पुढच्या साली," शब्बीरभाई म्हणाले, "लोणी मी लावीन."

बांड्याला भाजीच्या ठेल्यावर घालून घरी आणावं लागलं. निम्म्या कड्या वाकल्या होत्या. त्या सरळ करायला शब्बीरभाईंना पुढे बरेच दिवस लागले, आणि प्रत्येक कडी कुठल्या वळणावर वाकली हे ते गिऱ्हाइकांना अजून सांगतात. मी ऐकतो. निम्मं सोडून देणं मी बंद केलंय.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांच्या अंगणात बेल्ट साबणाने घासत बसलो होतो आणि बडबडत होतो. झडपेला कुलूप लावीन, बेल्टावर झाकण बसवीन, माझ्या परवानगीशिवाय कोणाला हात लावू देणार नाही, असलं काहीतरी. ऐन वेळी बांड्याने दगा दिला, असंही बोललो. शोभा चिखलाने भरलेले पाय धूत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"दगा कायचा?" ती म्हणाली. "परवा त्याचा खांदा मळला, आवतन देल्लं. काल पुरणाची पोळी चारली. अन् आज करीच्या दिशी तुमी त्याच्या मानेवर जू ठेवलं. साऱ्या गावात तो एकटाच बैल रीतीनं वागला."